दोन सत्तांशी झुंज : गोपाळ गणेश आगरकर

नागरिकाच्या आयुष्यात सरकारने कुठवर हात घालावा, या प्रश्नावर वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाहिन्यांवरून अखंड वाद चालू असतो. कायदे वाढले की स्वातंत्र्य आक्रसते, असे एक बाजू सांगते. कायदाच नसेल तर दुर्बळाला वाली कोण, असे दुसरी बाजू विचारते. मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात तो इतका पेटला होता, की जिवाभावाच्या मित्रांची ताटातूट झाली आणि एका संपादकाची तो जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढण्यात आली. हे संपादक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. त्यांचे नाव नेहमी पुण्याच्या इतिहासाशी जोडले जाते. परंतु त्यांच्या घडणीचा एक निर्णायक टप्पा वऱ्हाडात, अकोल्यात पार पडला, याची आठवण वऱ्हाडातही क्वचितच काढली जाते.

कऱ्हाडहून अकोल्याला

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी पराकोटीची होती. कऱ्हाडच्या शाळेतील जेमतेम शिक्षण संपल्यावर पुढचा मार्ग खुंटला. मामलेदार कचेरीत उमेदवारी कर, दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधे बनव, अशी कामे करीत या मुलाने शिकण्याची इच्छा जिवंत ठेवली. इंग्रजी शिकण्यासाठी त्याने रत्नागिरी गाठली. पण तेथे जम बसला नाही आणि त्याला परत यावे लागले. अखेर नातेवाइकांच्या आधाराने तो अकोल्याला आला.

त्या काळचे वऱ्हाड राजकीयदृष्ट्या एक विलक्षण प्रदेश होता. १८५३ च्या तहाने निजामाने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी दुहेरी व्यवस्था होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, विलायतेतील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, वकील आणि शिक्षक आले. अकोला आणि अमरावती ही दोन्ही गावे पाहता पाहता शहरे झाली. नव्या इंग्रजी शाळा, नवी वृत्तपत्रे आणि नवा शिक्षित वर्ग यांच्या या वातावरणात आगरकरांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले.

अकोल्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू लाभले. महाजनी स्वतः एम. ए. होते, इंग्रजी वाङ्मयाचे जाणकार होते आणि शेक्सपिअरच्या नाटकांची मराठी रूपांतरे करणारे लेखकही होते. एकदा त्यांनी आगरकरांची कानउघाडणी केली, अशाने आयुष्यात काय साधणार, असे विचारले. तेव्हा अंगावर धड कपडे नसलेल्या या विद्यार्थ्याने, आपणही तुमच्यासारखेच एम. ए. होऊन दाखवू, असे बाणेदार उत्तर दिले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे महाजनींनीच या विद्यार्थ्याला कॉलेजचा मार्ग दाखविला. अकोल्याहून निघणाऱ्या ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात आगरकरांनी लिहावयास प्रारंभ केला. पुढे महाराष्ट्राला हलवून सोडणारी लेखणी पहिल्यांदा चालली ती अशी वऱ्हाडातल्या छापखान्यासाठी.

१८७५ मध्ये मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, बक्षिसांसाठी निबंध लिहावयाचे, शिष्यवृत्तीवर दिवस काढावयाचे, असा त्यांचा विद्यार्थिदशेतील क्रम होता. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन त्यांनी एम. ए. केले. हाताशी आलेली सरकारी नोकरी आणि भरघोस पगार यांवर पाणी सोडून आपण पोटापुरत्या पैशावर लोककार्य करणार असल्याचे त्यांनी आईला पत्राने कळविले. ते पत्र मराठी घराघरांत प्रसिद्ध आहे.

मिल्ल, स्पेन्सर आणि मराठी मन

डेक्कन कॉलेजात आगरकरांच्या हाती दोन इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ आले आणि त्यांच्या विचाराला कायमची दिशा मिळाली. पहिला जॉन स्टुअर्ट मिल्ल. त्याचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ मध्ये आणि स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दुसऱ्याला इजा होत नसेल, तर प्रौढ माणसाने कसे वागावे हे ठरविण्याचा अधिकार ना सरकारला ना समाजाला, हे मिल्लच्या विवेचनाचे सार होते. दुसरा हर्बर्ट स्पेन्सर. समाज हा हळूहळू उत्क्रांत होत जातो आणि सरकारचे कार्यक्षेत्र जितके मर्यादित तितके बरे, असे तो मांडीत होता.

मिल्लच्या विवेचनातील एक मुद्दा आगरकरांना विशेष भिडला. राजाची सत्ता डोळ्यांना दिसते, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. लोकमताची आणि रूढीची सत्ता मात्र दिसत नाही. ती माणसाच्या जेवणात, कपड्यात, लग्नात आणि मरणातही शिरते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्यास न्यायालय नसते. इंग्लंडमध्ये हा धोका दाखवून देणे एक गोष्ट होती. जेथे जात, सोवळे, श्राद्धपक्ष आणि बहिष्कार यांनी जन्मापासून सरणापर्यंतचे आयुष्य बांधून टाकले होते, त्या महाराष्ट्रात तोच विचार बोलून दाखविणे ही निराळी गोष्ट होती. आगरकरांनी ती पत्करली आणि उरलेले सारे आयुष्य तिची किंमत मोजली.

पहिली सत्ता : सरकार

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळक यांच्याशी आगरकरांची मैत्री जुळली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० च्या सुमारास न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आणि ‘मराठा’चे टिळकांकडे, अशी वाटणी झाली. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा लॉर्ड लिटनचा १८७८ चा कायदा त्या वेळी रद्द झालेला नव्हता. तो लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत पुढच्या वर्षी गेला. अशा दिवसांत सरकारी कारभाराची झडती घेणारे पत्र चालविणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

हा विस्तव लवकरच भडकला. कोल्हापूरचे दत्तक छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून नजरकैदेत ठेवण्यात आले होते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लोकांत असंतोष होता. बर्वे यांच्या नावावरची काही पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’च्या हाती आली. महाराजांच्या जिवावर उठलेल्या कारस्थानाचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करण्यात आला. बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. परंतु १७ जुलै १८८२ रोजी दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. तत्पूर्वी जामिनासाठी दहा हजार रुपये उभे करण्यास पुढे आले ते महात्मा फुले यांच्या वर्तुळातील रामशेठ उरवणे. विचाराने वेगळ्या गोटातील माणूस संकटात मदतीस आला, ही गोष्ट त्या काळच्या सार्वजनिक जीवनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे मित्र एकाच ठिकाणी होते. सवलत मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले, तेव्हा १०१ दिवस भरले होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक मराठीतील तुरुंगवासाच्या आरंभीच्या हकिगतींपैकी एक आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र या प्रकरणाने त्यांना एक कठोर धडाही दिला. सरकारचा किंवा सरकारच्या माणसाचा दोष दाखविणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य असले, तरी ज्याच्यावर आरोप करावयाचा त्यालाही न्यायाचा हक्क असतो आणि पुराव्याची खातरजमा न करता केलेला आरोप अंगाशी येतो. सत्ताधाऱ्याविरुद्ध लढतानाही सत्याची चाड सुटता कामा नये, हे भान त्यांच्या पुढील लेखनात दिसते.

दुसरी सत्ता : समाज

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. बाहेरून पाहता मित्रमंडळींचा उत्कर्ष होत होता. आत मात्र भेग पडत चालली होती. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा त्या भेगेचा ढोबळ आकार. टिळकांच्या मते परक्या सरकारविरुद्ध समाज एकवटणे हे पहिले काम होते आणि समाजाच्या वर्मावर बोट ठेवल्यास ती एकजूट मोडण्याचा धोका होता. आगरकरांच्या मते हे दोन निराळे प्रश्नच नव्हते. घरात, जातीत आणि देवळात निमूटपणे मान तुकविण्याची सवय जडलेला माणूस कचेरीत ताठ मानेने कसा उभा राहील, हा त्यांचा मुद्दा होता. ‘गुलामांचे राष्ट्र’ या त्यांच्या गाजलेल्या निबंधाचे सूत्र हेच आहे.

या मतभेदाला धार आणली ती रखमाबाई खटल्याने. बालपणी झालेला विवाह आपल्याला मान्य नाही, असे सांगून रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड करण्यात आली. रखमाबाई पुढे विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्यात टिळक रूढ विवाहसंस्थेच्या बाजूने उभे राहिले, तर आगरकरांची सहानुभूती रखमाबाईंच्या बाजूने होती. ज्या वयात संमतीचा अर्थही कळत नाही, त्या वयात लावलेले लग्न त्या स्त्रीवर बंधनकारक कसे मानावयाचे? आणि तिच्या इच्छेविरुद्ध ते अमलात आणण्यासाठी सरकारने तुरुंगाचा धाक का दाखवावा? येथे सरकारची सत्ता आणि समाजाची सत्ता एकमेकींच्या हातात हात घालून एका व्यक्तीविरुद्ध उभ्या होत्या. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांचे स्वतःचे ‘सुधारक’ निघाले. त्याच्या इंग्रजी मजकुराची जबाबदारी बावीस वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली.

‘सुधारक’ने महाराष्ट्रात खळबळ उडवून दिली. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे, अंत्यविधी, शिमगा, स्त्रियांचे शिक्षण, एवढेच काय, बायकांनी जाकीट घालावे की नाही, अशा विषयांवर आगरकर तर्काच्या कसोटीने लिहू लागले. एखादी गोष्ट शास्त्रात आहे म्हणून करावयाची किंवा शास्त्रात नाही म्हणून टाळावयाची, हा मार्ग त्यांना मान्य नव्हता. सुधारणेसाठी शास्त्राधार शोधणाऱ्या समकालीन सुधारकांपेक्षा ते या बाबतीत एक पाऊल पुढे होते. माणसाची बुद्धी आणि त्याचे सुख हीच त्यांची मोजपट्टी होती.

कायद्याची कसोटी

खरी परीक्षा संमतिवयाच्या विधेयकाने घेतली. १८६० च्या दंडसंहितेत दहा वर्षांखालील मुलीशी, ती पत्नी असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा होता. ही मर्यादा वाढवावी, यासाठी बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून मोहीम चालविली होती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा पतीच्या बळजोरीने मृत्यू झाल्याचे प्रकरण न्यायालयात आले आणि देश हादरला. वयाची मर्यादा तिने ओलांडली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. जानेवारी १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडण्यात आले.

टिळकांचा विरोध निव्वळ सनातनी नव्हता, हे नमूद केले पाहिजे. बालविवाह चांगला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सुधारणा ज्यांना हवी आहे त्यांनी आधी स्वतःवर बंधने घालून घ्यावीत, असे त्यांनी सुचविले होते. लोकांना उत्तरदायी नसलेल्या परक्या सरकारला आपल्या घरात आणि धर्मात शिरण्यास एकदा वाट करून दिली, तर ती कोठे थांबेल, ही त्यांची भीती होती. सरकारच्या सत्तेविषयी सदैव साशंक असावे, असे मानणाऱ्या कोणालाही ती सहज उडवून लावता येणार नाही.

आगरकरही स्वातंत्र्यवादीच होते. स्पेन्सर वाचलेला माणूस सरकारला वाढीव अधिकार देण्यास सहसा राजी होत नाही. तरीही त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. सुधारणा समजावून, लोकमत तयार करून व्हावी हे उत्तम. परंतु जेथे समाज हलत नाही आणि त्याचे परिणाम ज्याला तोंड उघडता येत नाही अशा जीवाला भोगावे लागतात, तेथे कायद्याने मध्ये पडलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. कायदा करणारे सरकार परके आहे, एवढ्यावरून तो कायदा त्याज्य ठरत नाही. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले.

वरवर पाहता आगरकरांच्या वागण्यात विसंगती दिसते. रखमाबाईंच्या बाबतीत त्यांना सरकारची सक्ती नको होती, संमतिवयाच्या बाबतीत हवी होती. बारकाईने पाहिल्यास कसोटी एकच होती. सरकार मोठे की समाज मोठा, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. या दोहोंच्या कचाट्यात सापडलेल्या एका माणसाचे काय होते, एवढेच ते पाहत होते. जेथे सरकारचे बळ त्या माणसाला दाबण्यासाठी वापरले जाते, तेथे ते सरकारविरुद्ध होते. जेथे तेच बळ त्याला रूढीच्या जाचातून सोडविते, तेथे ते सरकारच्या बाजूने होते. सरकारला मागे सारले की माणूस आपोआप स्वतंत्र होतो, हा समज त्यांना भाबडा वाटत होता. कारण रिकाम्या झालेल्या त्या जागेत जात आणि जमात दबा धरून बसलेल्या असतात.

घरातले स्वातंत्र्य

या भूमिकेची किंमत जबर होती. पुण्यात निंदानालस्तीचा वर्षाव झाला. विरोधकांनी आगरकरांची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते. पगार तुटपुंजा होता. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

बाहेर इतक्या प्रखरपणे बोलणारा हा माणूस घरात कसा होता, हे पाहण्यासारखे आहे. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. देवपूजा, व्रते, सणवार यांवर त्यांचा विश्वास होता. आगरकरांना यांपैकी काहीच मान्य नव्हते. परंतु नवरेपणाचा अधिकार वापरून त्यांनी पत्नीची श्रद्धा मोडून काढली नाही. आपले मत दुसऱ्यावर लादावयाचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या घरातही पाळला. व्यक्तिस्वातंत्र्यावर निबंध लिहिणारे पुष्कळ असतात. ज्या ठिकाणी आपल्याकडे सत्ता आहे त्या ठिकाणी ती न वापरणारे थोडे.

१७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले, तेव्हा वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून बाजूला ठेवले होते, असे सांगतात. दुरावलेले टिळकही मित्राच्या मृत्यूने व्याकुळ झाले होते.

अमरावतीचा उपसंहार

ज्या वऱ्हाडात आगरकरांची घडण झाली, त्याच वऱ्हाडात त्यांच्या मागे अडीच वर्षांनी हे दोन्ही प्रश्न पुन्हा एकदा समोरासमोर आले. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. त्या वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सजा झाली होती. पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन चौकशीशिवाय डांबण्यात आले होते. सरकारच्या निरंकुश सत्तेची याहून उघड उदाहरणे सापडली नसती.

त्याच दिवसांत अमरावतीला सामाजिक परिषदही भरली आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुनरुज्जीवन आणि सुधारणा या विषयावरील आपले प्रसिद्ध भाषण तेथे केले. जुने ते परत आणावयाचे म्हणजे नेमके कोणते जुने, असा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या अधिवेशनात काँग्रेसच्या मंडपात याच परिषदेला जागा मिळू नये म्हणून रान उठविण्यात आले होते. चौकशीशिवाय तुरुंग आणि चौकशीशिवाय रूढी, या दोहोंविरुद्ध एकाच शहरात, एकाच आठवड्यात आवाज उठला. आगरकर हयात असते तर हा योग त्यांना मानवला असता.

त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. सरकार आपले झाले, कायदे आपल्याच प्रतिनिधींनी केले. चौकशीशिवाय स्थानबद्ध करण्याचे अधिकार मात्र स्वराज्यातही कायद्याच्या पुस्तकात राहिले आणि त्यांवरचा वाद मिटला नाही. दुसरीकडे, जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ मध्ये अमलात आला. एकविसाव्या शतकातही माणसाला समाजापासून वाचविण्यासाठी सरकारची गरज भासावी आणि सरकारपासून वाचविण्यासाठी जागृत समाजाची, ही वस्तुस्थिती आगरकरांचा विचार अजून जुना झालेला नसल्याचेच सांगते. कोणत्याही नव्या कायद्याचे स्वागत किंवा निषेध करण्यापूर्वी, त्याने एकट्या माणसाचे हात मोकळे होतात की बांधले जातात, एवढे तपासून पाहावे, ही अकोल्याच्या शाळेतून निघालेल्या त्या विद्यार्थ्याची शिकवण आहे.